सेल्फ फिरतोय, गाडी चालू होत नाही

आपल्या शिबिरांत काही प्रश्न हमखास येतात, आणि त्यांना उत्तर एकाच शब्दात मिळतं. अमक्या वस्तीत नळ का नाही? व्यवस्था. तमक्या पोराची शिष्यवृत्ती का अडली? व्यवस्था. पोरगी आठवीतून शाळा सोडून वाडीवर का गेली? व्यवस्था. उत्तर खोटं नाही. पण ते मिळाल्यावर कुणी उठून चपला घालत नाही. टाळ्या पडतात, चहा येतो, पुढचा वक्ता उभा राहतो.

मित्रांनो, मला या उत्तराशी भांडायचं आहे. एखाद्या गोष्टीचं कारण शोधत मागं मागं जाताना माणसानं थांबायचं कुठं? आणि 'इथं थांब' हे ठरवायचा हक्क कुणाचा? पंडितांनी यावर पोथ्या लिहिल्या असतील. मी तो प्रश्न गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर मांडणार आहे, कारण मला तो तिथं नीट दिसला. ज्यांना बॉनेट हा विषय तत्त्वज्ञानाला हलका वाटतो, त्यांनी हाताला ग्रीस लागलेली माणसं विचार करतात की नाही, एवढं एकदा ठरवून टाकावं.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, तोपर्यंत ठाण्यातच होते. तलासरी ओलांडली की गुजरात. एका अंगाला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी लोकांचे पाडे. मधून मुंबई-अहमदाबाद हायवे गेलाय. या रस्त्यांवर माणसं फिरतात ती शेअरिंगच्या गाड्यांतून. कुणी उंबरगावच्या कारखान्यात जातं, कुणी वाडीवर, कुणी दवाखान्यात. मागं एकदा तलासरीहून उधव्याकडे निघालेल्या अशाच एका गाडीत आम्ही चौघं कार्यकर्ते होतो. गॅसचं किट बसवलेली जुनी व्हॅन, माणसं किती ते सांगत नाही. एका पाड्यापाशी सवारी उतरवायला ड्रायव्हरनं गाडी बंद केली, ती पुन्हा चालू होईना. सेल्फ फिरत होता, खर्रर खर्रर आवाज येत होता, पण इंजिन पेट घेईना.

आता गंमत बघा. पाच मिनिटांत प्रत्येकानं निदान केलं. टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, नजर लागली, लिंबू सुकलाय. एक मास्तर होते, ते म्हणाले, पेट्रोलात भेसळ. आमच्यातला एक म्हणाला, बॅटरी गेली. दुसरा, आमच्यातलाच, म्हणाला, भंगारात घालायच्या गाड्या शहरवाले या भागात पाठवतात, हा भांडवलशाहीचा प्रकार आहे. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हरच कंजूष, गाडी बघत नाही. आणि ड्रायव्हर बिचारा हे सगळं ऐकत चावी फिरवतोय, फिरवतोय. पाऊण तास असा गेला. सेल्फचा आवाज जड व्हायला लागला.

मग एक पोरगा आला. वारली, वीसेक वर्षांचा, हायवेवरच्या एका गॅरेजात काम करणारा, पाड्यावर घरी आलेला. त्यानं पहिलं काय सांगितलं असेल? 'काका, चावी फिरवू नका आता.' आणि आम्हाला म्हणाला, 'जरा गप बसा, ऐकू द्या.'

त्यानं जे केलं ते तपशिलानं सांगतो, कारण निम्मा विचार त्या तपशिलातच आहे. आधी त्यानं सेल्फचा आवाज कसा होता ते विचारलं. सेल्फ पहिल्यापासूनच जड फिरत असेल तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं बघायची. नेहमीसारखा फिरत असेल तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. आणि नेहमीपेक्षा हलका, सुसाट फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याचा संभव, मग रस्त्यावर काही होत नाही. आमचा आवाज सुरुवातीला नेहमीचा होता. म्हणजे एक आरोपी सुटला. पेट्रोलच्या इंजिनाला जळायला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि वेळेवर पडणारी ठिणगी. दाब लागतोच, पण तो एकाएकी जात नाही. यातलं काय येतंय आणि काय येत नाही, एवढं कळलं की अर्धं काम झालं. त्यानं एक प्लग खोलला. प्लग ओला, पेट्रोलचा वास मारणारा निघाला असता तर इंधन येतंय पण ठिणगी पडत नाही असं धरून त्यानं कॉईल बघितली असती. पावसाळ्यात ओल धरूनही ठिणगी जाते. किंवा गाडी नुसती ओव्हर झाली असती, तेव्हा अॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बऱ्याच गाड्यांत पेट्रोल बंद होऊन जादाचं उडून जातं. आमचा प्लग कोरडा होता. वाळलेल्या हाडासारखा.

कोरडा म्हणजे इंधन पोचत नाही. आता त्यानं चावी नुसती ऑन केली, सेल्फ न मारता, आणि कान टाकीकडे लावला. अशा वेळी टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आवाज नाही. फ्यूज बघितला, शाबूत. पंपाचा रिले काढून हॉर्नचा त्या जागी लावून बघितला, दोन्ही एकाच जातीचे होते. (रिलेंना जात असते, आणि ती बदलून चालते, एवढं आम्हाला त्या दिवशी कळलं.) तरी आवाज नाही. टेस्टर लावला, तर पंपाच्या तोंडापर्यंत करंट येत होता. म्हणजे वायर निर्दोष, रिले निर्दोष, पंप अडकलेला. त्यानं टाकीच्या बुडाला लाकडाच्या तुकड्यानं दोन-चार हलके ठोके दिले आणि ड्रायव्हरला म्हणाला, आता चावी. पंप जागा झाला, गाडी चालू झाली. सगळे मिळून वीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो.

'हा पंप जाणार काका,' तो म्हणाला, 'दोन दिवस चालंल.' मग त्यानं कारण सांगितलं, आणि इथून माझ्या प्रश्नाला तोंड फुटतं.

अशा बऱ्याच गाड्या गॅसवर पळतात, पण चालू होतात पेट्रोलवर. काही किटांना थेट गॅसवर चालू करायची सोय असते, या गाडीची ती बंद पडलेली होती. गॅस स्वस्त पडतो म्हणून ड्रायव्हर टाकीत पेट्रोल नावापुरतं ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलानंच थंड राहतो. टाकी सतत कोरडी ठेवली की पंप तापतो आणि एक दिवस जळतो. 'पाव टाकी तरी ठेवायची,' पोरगा म्हणाला. ड्रायव्हर हसला. म्हणाला, 'पाव टाकी? बाबा, शंभराचं टाकतो आम्ही.'

बघा आता. गाडी का थांबली? प्लग कोरडा. प्लग का कोरडा? पंप फिरेना. पंप का फिरेना? टाकी रिकामी ठेवली. टाकी का रिकामी? दिवसाच्या धंद्यात शंभराच्या वर पेट्रोल परवडत नाही. का परवडत नाही? सवाऱ्या मजुरांच्या, त्या देतील तेवढंच भाडं. मजुरांना एवढंच का मिळतं? कारण या मातीत ज्यांची जमीन होती त्यांची ती सावकार-जमीनदारांनी घेतली, आणि ते आपल्याच रानात कूळ झाले, वेठबिगार झाले. लग्नाला कर्ज काढायचं आणि त्यापायी नवरा-बायकोनं मालकाकडे राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. स्पार्क प्लगपासून लग्नगडीपर्यंत साखळी अशी सरळ जाते. एकही कडी खोटी नाही.

मग खरं कारण कोणतं? मेस्त्री पंपाशी थांबतो, कारण त्याचा पाना तिथवर पोचतो. मागच्या सीटवरचा माणूस 'ड्रायव्हर कंजूष' म्हणून थांबला. आमचा कार्यकर्ता भांडवलशाहीशी जाऊन थांबला. टोपलीवाली बाई नजरेशी. प्रत्येकाचं थांबणं वेगळ्या ठिकाणी आहे, आणि मला त्यातलं मागच्या सीटवरचं सगळ्यांत नीच वाटतं. कारण तिथं शोध माणसाच्या अंगावर येऊन थांबतो, आणि तो माणूस नेहमी सगळ्यांत गरीब असतो. वारली दारू पितो म्हणून गरीब. महार कष्ट करत नाही म्हणून मागं. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. त्यात निदान नसतं, निकाल असतो.

पण दुसऱ्या टोकाचं थांबणं मला जास्त सतावतं, कारण ते आपलं आहे. नजर लागली हे उत्तर घ्या. ते खोडता येत नाही. लिंबू बदलला आणि गाडी चालू झाली, तर नजर उतरली. नाही झाली, तर नजर जबर होती. चारोटीच्या पुढं विवळवेढ्याची महालक्ष्मी हायवेवरच आहे, ट्रकवाले तिथं हात जोडून पुढं जातात. जोडू देत, त्यानं इंजिन बिघडत नाही. बिघाड झाल्यावर मात्र त्या हातांनी पाना धरावा लागतो. कर्माचा सिद्धांत याच जातीचा. तू अस्पृश्य का? मागच्या जन्मीचं पाप. आता मागच्या जन्मात जाऊन कुणी टेस्टर लावायचा? साखळी अशा ठिकाणी नेऊन ठेवली की तिथं कुणाचाच हात पोचू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, बुद्धाचा कर्मविचार आणि मागच्या जन्माचं ब्राह्मणी कर्म यांची फारकत केली ती यासाठी. गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजावरून उचलून त्याच्याच अदृश्य भूतकाळावर टाकणारा सिद्धांत त्यांनी अमान्य केला.

आणि आता स्वतःला विचारा. आपण 'व्यवस्था' म्हणतो, तेव्हा ते 'कर्म' या शब्दासारखं वाजत नाही ना? आपलं विधान चुकलं असेल तर ते आपल्याला कळणार कसं, याची काही सोय आपण ठेवली आहे का? त्या पोरानं रिले बदलला, आवाज आला नाही, तेव्हा रिलेवरचा आरोप त्यानं तिथल्या तिथं मागं घेतला. आपण आजवर किती आरोप असे मागं घेतले?

कुणी म्हणेल, मग काय नुसते पंप बदलत बसायचं? सुधारकांसारखं? नाही. बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांचं अध्यक्षीय भाषण होऊ दिलं नाही, आणि त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी हेच केलंय. जात मोडायला सहभोजनं पुरे नाहीत म्हणाले, म्हणजे जवळ थांबले नाहीत. पण 'हिंदू माणूसच दुष्ट' असंही म्हणाले नाहीत. लोक जात पाळतात ते धर्मनिष्ठ आहेत म्हणून, तेव्हा दोष त्यांना जातीची शिकवण देणाऱ्या धर्माचा, शास्त्रांच्या पावित्र्याचा, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. हे कारण खोल आहे, तरी ते नाव घेऊन सांगितलेलं आहे. त्यावर वाद घालता येतो, गांधींनी घातलाही. मनुस्मृती हातात धरता येते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळताही आली.

महाडचंच बघा, कारण सेल्फ फिरतोय आणि गाडी चालू होत नाही याचा त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. चावी फिरली, सेल्फ फिरला. तीन वर्षं एक ओंजळ पाणी कुणी पिऊ शकलं नाही. काय अडलं होतं? कायद्याचा कागद होता. पाणी होतं. तहान तर होतीच. नव्हतं ते एवढंच, की माणसांनी एकत्र जाऊन हात घालणं, आणि त्यानंतर जे होईल ते सोसायची तयारी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी नेमकी ती जागा जोडली. आणखी ठराव मागत ते बसले नाहीत. कोर्टातला खटला पुढं दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात आपल्या बाजूनं लागला. तोही करंट चालूच होता.

तलासरीतही हेच घडलंय, आणि आपल्यातले काही जण झेंड्याचा रंग बघून ते वाचत नाहीत, हे मला पसंत नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला इथले वारली गेले. मे महिन्यात तलासरीतल्या झरी गावी सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात होते. सरंजामशाही नष्ट करा असं त्यांना म्हणता आलं असतं. मोठ्या अर्थानं ते तेच म्हणत होते. पण त्या सालच्या गवतकापणीच्या संपात मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ही मागणी तराजूत घालता येते. जमीनदारानं ती मानली की नाही हे संध्याकाळी मोजून कळतं. 'व्यवस्था' तराजूत घालता येत नाही, हे त्या निरक्षर माणसांना पक्कं ठाऊक होतं.

निदान न करता हात उचलला की काय होतं, तेही याच मातीनं दोनदा पाहिलंय. १० ऑक्टोबर १९४५ ला डहाणू भागातल्या तलवाड्याला पोलिसांनी जमलेल्या आदिवासींवर गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मेले. गोदावरीबाई येणार अशी हूल उठवून लोकांना तिथं गोळा केलं होतं, आणि पोलिसांना सांगितलं होतं की हे दंग्याला जमलेत. पोलिसांनी तपासलं नाही. आणि १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनची रात्र, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. मुलं चोरणारे, चोर फिरतायत अशी अफवा होती. गाडी अडवली, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावानं मारून टाकलं. तो ड्रायव्हर कुणाच्याच घोषणेत नव्हता. चोर आहेत का हे कुणी तपासलं नाही. आणि सकाळी शहरातल्या लोकांनी तोच प्रकार उलट्या बाजूनं केला. मेलेले साधू म्हणजे मारणारे मुसलमान, असा निकाल फोनाफोनी फिरला. गृहमंत्र्यांना जाहीर करावं लागलं की धरलेल्या शंभरेक जणांत एकही मुसलमान नाही. पाड्यावरचा अडाणी आणि शहरातला शिकलेला, दोघांनी एकच केलं. महाडलाही १९२७ मध्ये पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांची डोकी फुटली ती अफवेनंच: हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. ज्या लोकांना अफवेनं इतकं मारलंय, त्यांनी तपासल्याशिवाय बोलणं म्हणजे मारणाऱ्याच्या हातात दगड देणं.

माझ्या एका सोबत्याचं यावर म्हणणं असं: तुझं हे सगळं ठीक, पण तपासत बसलो तर रस्त्यावर कधी उतरायचं? अन्याय झालेला माणूस टेस्टर घेऊन फिरत नसतो. त्याचा राग मला मान्य आहे, रागाशिवाय कुणी बॉनेटही उघडत नाही. पण हिशोब बघा. आमचा पाऊण तास अंदाजात गेला, तपासायला वीस मिनिटं लागली. आणि अंदाज चालू असताना बॅटरी उतरत होती. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारायचा नसतो, मध्ये थांबावं लागतं, नाहीतर तो जळतो. मोर्चालाही बॅटरी असते. एकाच कलेक्टर कचेरीवर वर्षात सहा मोर्चे काढून सातव्याला माणसं का येत नाहीत, हे आपण एकमेकांना विचारतो. उत्तरही देतो. तेच उत्तर.

आणि साखळीच्या दूरच्या कड्या? त्या सोडायच्या नाहीत. त्या वारली पोराला लग्नगडी ही गोष्ट त्याच्या आज्यानं सांगितलेली असणार, त्याला ती आपल्याहून जवळून माहीत आहे. तरी त्यानं आधी प्लग खोलला. प्लग कोरडा आहे हे कळल्यावरच टाकीकडे जाता येतं, टाकीकडून खिशाकडे, खिशाकडून जमिनीकडे. मधल्या कड्या गाळून एकदम जमिनीवर उडी मारणाऱ्याला ड्रायव्हर हसतो, आणि ते हसणं बरोबर असतं.

तर शिष्यवृत्तीच्या त्या पोराकडे येऊ. अर्ज ऑनलाईन भरला जातो, मग कॉलेज तो तपासून पुढं पाठवतं, मग खातं मंजूर करतं, मग पैसे आधारला जोडलेल्या बँकखात्यात पडतात. यात चार ठिकाणी तो अडू शकतो, आणि चारही ठिकाणी कान लावून बघता येतं. अर्ज कॉलेजातच पडून असेल तर समाजकल्याणच्या दारात घोषणा देऊन काही हलणार नाही. कॉलेजानं का ठेवला, कारकून नाही म्हणून की आपली पोरं म्हणून, हे पुढचं विचारायचं, आणि तेही कागद बघून. पुढच्या शिबिराला तुम्ही येणार असाल तर तालुक्यातल्या अशा पाच पोरांचे अर्ज आज नेमके कुठल्या टप्प्यावर आहेत ते पाहून या. नाव, तारीख, कुणाच्या टेबलावर. कविता वाचायची असेल तर तीही आणा, ती रात्री जेवणानंतर वाचू.